हॅरेम फँटसी मराठीत लिहायची तर

एक नायक, भोवती तीन-चार नायिका, जादूचं जग आणि शेवटी कुणाशी जमणार याची टांगणी, एवढाच या लाइट नॉव्हेलचा, म्हणजे जपानी धाटणीच्या छोट्या सचित्र कादंबरीचा, साचा. पण वाचक नायिकांची संख्या मोजायला येत नाही. हाच नायक हिला का हवाय, हे पटलं की वाचक आपली लाडकी ठरवतो आणि तिच्यासाठी पुढचा भाग उघडतो. म्हणून जादूआधी ते कारण ठरवा.

प्रत्येकीच्या नावाचं एक पान करा. तिला काय मिळवायचंय, नायकाकडून असं काय मिळतं जे घरातही मिळालं नाही, त्याचं काय खटकतं आणि बाकीच्यांपैकी तिचं कुणाशी पटतं, हे त्यावर लिहा. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. मग बायका नुसत्या भांडत राहतात आणि वाचक कंटाळतो. पहिल्या खंडात तिघीच आणा. सगळ्यांची वयं अठराच्या पुढं, यात तडजोड नको.

कथा मराठवाड्यात बसवायची तर पलीकडच्या जगाचं दार आयतंच आहे: बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. पायऱ्या उतरत जा, खाली दुसरं आकाश. किल्ला हवा असेल तर नळदुर्ग घ्या. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे, पावसाळ्यात त्याच्या अंगावरून नर-मादी धबधबे कोसळतात. राजकन्येला कोंडायला याहून चांगली जागा कुठली? जादू पाण्याचीच ठेवा, पण फुकट नको. नायकानं घागरभर पाणी ओढलं की कुठल्या तरी गावातली विहीर तेवढी आटली पाहिजे. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं. इथल्या वाचकाला ही किंमत समजावून सांगावी लागत नाही.

सर्वांत जास्त घसरतं ते संवादांत. तिघी पुण्याच्या निवेदिकेसारख्या बोलल्या की संपलं. लातूरकडची वैद्यीण म्हणेल, ‘काय करलालास? जखम भिजवू नको म्हणले ना?’ संभाजीनगरची तलवारबाज दखनीत उडवेल, ‘नक्को बोले तो नक्को.’ राजकन्येला मात्र अडखळत बोलू द्या, वाक्य अर्धं सोडणारी. मग नावं झाकून पान वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही तर पुन्हा लिहा. बोली चवीपुरती, ओळीत एखादा शब्द. प्रत्येक क्रियापद बोलीत घातलं की बाहेरचा वाचक अडतो आणि गावचा हसतो.

नायक कोरा ठेवू नका. ‘वाचकाला त्याच्या जागी स्वतःला पाहता यावं’ म्हणून तसा ठेवतात, पण मग एवढ्या जणी भाळतात कशावर? त्याला एक खरं कौशल्य द्या, विहिरीची मोटर दुरुस्त करण्याचं चालेल, आणि एक भित्रेपणा.

जपानी खंड ए-सिक्स, म्हणजे साधारण पोस्टकार्डाएवढ्या आकाराचा, सुरुवातीला रंगीत चित्रं आणि आत काळी-पांढरी. प्रतिलिपीसारख्या कथांच्या ॲपवर मोबाइलमध्ये वाचणाऱ्यासाठी बाराशे ते पंधराशे शब्दांचा भाग पुरे, शेवटी एक प्रश्न लटकता ठेवून. निवड लांबवा, पण दर खंडात एकीचं नातं खरोखर बदलू द्या. गैरसमज आणि दारात अचानक उगवणारी तिसरी दोनदा चालते, तिसऱ्यांदा नाही. निवड झाल्यावर उरलेल्या दोघींना एकेक पूर्ण प्रकरण द्या, त्यांचं पुढं काय झालं ते सांगणारं. नाहीतर त्यांचे चाहते पुढचा खंड उघडणारच नाहीत.