रविवारी शेफर्ड्स पाय, पण मसामन चवीचा: काय काय तयार ठेवायचं

शेफर्ड्स पाय (pie) म्हणजे खिम्यावर मॅश केलेल्या बटाट्याचा थर देऊन ओव्हनमध्ये भाजलेला इंग्रजी पदार्थ, आणि मसामन ही एक थाई करी. शनिवारी रात्री पहिलं काम वाटाण्याचं, कारण सोबतच्या मशी पीजचे, म्हणजे शिजवून घोटलेल्या वाटाण्यांचे, वाळलेले मॅरोफॅट वाटाणे खायचा सोडा घालून रात्रभर भिजायलाच हवेत, सकाळी आठवण झाली तर मग डबाबंदच आणावे लागतात. त्याच वेळी येणाऱ्यांना शेंगदाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी आहे का ते विचारून घ्या, बाजारच्या बऱ्याच मसामन करी पेस्टमध्ये कोळंबीची पेस्ट असते.

मग सामान. पाच जणांना लॅम्बचा खिमा ५०० ग्रॅम (बीफचा केलात तर तो कॉटेज पाय), बटाटे किलोभर आणि ते मारिस पायपर किंवा किंग एडवर्डच, पिठूळ असतात म्हणून मॅश हलकं होतं. मसामन पेस्ट तीन मोठे चमचे, नारळाच्या दुधाचा ४०० मिलीचा डबा, फिश सॉस, चिंचेचा कोळ, पाम शुगर, ती नसेल तर गूळ बिनधास्त वापरा, मूठभर भाजलेले शेंगदाणे, लाइम, थाई बेझिल. पेस्ट घरीच वाटणार असाल तर गवती चहाची पात नको, बुडाचा पांढरा दांडा लागतो.

ग्रीन करी सोडून मसामनच का, तर त्यात दालचिनी, लवंग, वेलची असते आणि ती लॅम्बला फार छान लागते, शिवाय मूळ थाई मसामनमध्ये बटाटा आणि शेंगदाणे असतातच, त्यामुळे वरचा बटाट्याचा थर उपरा वाटत नाही. फिश सॉसलाही घाबरू नका, इंग्रज ज्या वूस्टर सॉसशिवाय हा पाय करत नाहीत त्यात अँकोव्ही मासे आणि चिंच आहेच की! वूस्टर सॉस मात्र आता घालू नका, खारटपणा आणि आंबटपणा दोन्ही डबल होतं.

नारळाच्या दुधाच्या डब्यावर घटक वाचून घ्या, फक्त नारळ आणि पाणी असेल तो उत्तम, आणि डबा हलवायचा नाही. वरची घट्ट साय कढईत घेऊन तेल सुटेपर्यंत आटवायची, त्यात पेस्ट परतायची, घरभर वास सुटला की खिमा, मग फिश सॉस, चिंच, गूळ थोडं थोडं घालत चाखत जायचं. उरलेलं दूध अर्धं खिम्यात, अर्धं मॅशमध्ये बटरसोबत. खिमा अगदी कोरडसर होईपर्यंत आटवा, शेंगदाणे भरडून घाला आणि पूर्ण गार होऊ द्या, गरम किंवा पातळ खिम्यावर मॅश टाकलं की ते खाली बसतं आणि सगळा लगदा होतो. इथे घाई नको, खरंच.

वर चेडर किसून टाकायचा मोह होईल, पण टाळा, नारळाची चव पार दबते. त्याऐवजी काट्याने मॅशवर रेघा ओढा, त्यांचे उंचवटे खरपूस होतात. ओव्हन २०० डिग्री, फॅनचा असेल तर १८०, अर्धा तास. तेवढ्यात वाटाणे शिजवून घोटायचे आणि पुदिन्याऐवजी थाई बेझिल नि लाइमचा रस घालायचा. पाय बाहेर काढला की दहा मिनिटं तसाच ठेवा, मग वाढा.