डेटाबेस शिकताय? व्ह्यूज नंतर बघा, आधी व्हर्जन बघा

मायएसक्यूएल हे डेटाबेस सॉफ्टवेअर शिकायला बसलेली मुलं व्हिडिओचे व्ह्यूज बघतात, किती तासांचा आहे ते बघतात, शिकवणाऱ्याचा आवाजसुद्धा पारखून घेतात. तो कोणत्या व्हर्जनवर शिकवतोय, हे मात्र कोणी बघत नाही. माझं डोकं फिरतं ते इथेच.

ओळखीतला एक मुलगा कापडदुकानासाठी उधारीची यादी करत होता. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शेवटच्या बिलाची तारीख आणि रक्कम, बस्स. जुन्या व्हिडिओतली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, त्याने जशीच्या तशी उतरवली: नावावर ग्रुप बाय (एका नावाची सगळी बिलं एका गटात), तारखेला मॅक्स (म्हणजे शेवटची तारीख), रक्कम नुसतीच. एरर १०५५. शोधल्यावर कुठेतरी उत्तर मिळालं, एसक्यूएल मोड या सेटिंगमधून 'ओन्ली फुल ग्रुप बाय' हा नियम काढून टाका. काढलं, एरर गेली, स्वारी खूश. आता तारीख शेवटच्या बिलाची आणि रक्कम भलत्याच बिलाची! दुकानदार ती यादी घेऊन वसुलीला गेला, गिऱ्हाइकांशी वाजलं, तेव्हा कुठे हे उघड झालं.

क्वेरी मुळातच चुकीची होती: गटातल्या कोणत्या बिलाची रक्कम घ्यायची, हे तिने सांगितलंच नव्हतं. ५.७ व्हर्जनच्या आधीचं मायएसक्यूएल ती निमूट चालवून घ्यायचं, एवढंच. शेवटची तारीख आधी काढून ती पुन्हा बिलांच्या टेबलाशी जोडली की रक्कम बरोबर येते. पण तेवढा धीर कोणाला?

मी नव्या मशीनवर पहिली क्वेरी टाकतो ती सिलेक्ट व्हर्जनची, आणि जो आकडा येईल त्याच व्हर्जनचं अधिकृत मॅन्युअल उघडून ठेवतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या मॅन्युअलमध्ये पानाच्या वरच व्हर्जन बदलता येतं. तिथेही फरक पडतो: २०२२ च्या १५ व्हर्जनपासून नव्या डेटाबेसात साध्या युजरला पब्लिक स्कीमात (टेबलांच्या सामायिक कप्प्यात) टेबल बनवता येत नाही. जुना धडा गिरवणारा पहिल्याच टेबलाला अडकतो, मग वैतागून सगळं सुपरयुजरनेच (सगळे अधिकार असलेल्या खात्यानेच) करत सुटतो. मॅन्युअल अवघड असतं ही अफवा ते न उघडणाऱ्यांची. पोस्टग्रेसचा ट्युटोरियल भाग जेमतेम तीन प्रकरणांचा आहे.

बाकीच्या चुका किरकोळ. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि ओरॅकल एकदम सुरू करू नका. इन्स्टॉलेशनमध्येच जीव जात असेल तर एसक्यूलाइट घ्या. सर्व्हर लागत नाही, अख्खा डेटाबेस एका फाइलीत. पाच ओळींच्या 'स्टुडंट' टेबलावर जॉइन (टेबलं एकमेकांशी जोडणं) कळत नाहीत, मायएसक्यूएलचा साकिला हा नमुना डेटाबेस फुकट मिळतो, तो वापरा. दुप्पट वेगाने व्हिडिओ बघून एक ओळही टाइप न करणाऱ्यांना सल्ला देणं मी सोडलंय. आणि 'टॉप १०० इंटरव्ह्यू प्रश्न'ची ती पीडीएफ इंटरव्ह्यूच्या आदल्या आठवड्यापर्यंत उघडूच नका.