अनेक-ते-अनेक नात्यात क्रम कसा ठेवावा : जँगो आणि पोस्टग्रेसमधली रीत

मैफलींची नोंद ठेवणारं एक वेब ॲप घेऊ. एक गाणं अनेक मैफलींत गायलं जातं आणि एका मैफलीत अनेक गाणी असतात. पायथनमधल्या जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये हे नातं मैफलीच्या मॉडेलमधल्या मेनी-टू-मेनी फील्डच्या एका ओळीत मांडता येतं. ॲप चालू लागतं आणि मग लक्षात येतं की शेवटी यायला हवी ती भैरवी पडद्यावर तिसरी दिसतेय.

याचं कारण जोडटेबलात, म्हणजे मैफल आणि गाणं यांच्या जोड्या ठेवणाऱ्या टेबलात, सापडतं. जँगो आपणहून जे टेबल बनवतो त्यात तीनच रकाने असतात : ओळीचा आयडी, मैफलीचा आयडी आणि गाण्याचा आयडी. कुठलं गाणं कितवं, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ‘ऑर्डर बाय’ न लावता मागितलेल्या ओळी कुठल्या क्रमाने द्यायच्या याचं बंधन पोस्टग्रेस या डेटाबेसवर नाही. पुसलेल्या ओळीची जागा व्हॅक्यूमनंतर (पोस्टग्रेसच्या साफसफाईनंतर) नवी ओळ घेऊ शकते, आणि बदललेल्या ओळीची नवी प्रत टेबलात दुसरीकडे जाऊन बसते. चाचणीच्या पाच ओळींवर क्रम बरोबर दिसला म्हणून तो तसाच टिकेल असं नाही.

जोडटेबलाच्या आयडीने क्रम लावण्याची पळवाटही टाळा. जँगोची ‘ॲड’ पद्धत आत आलेले आयडी पायथनच्या सेटमध्ये टाकते, त्यामुळे तुम्ही दिलेला क्रम तिथेच हरवतो. ‘सेट’ पद्धत तर फक्त काय कमी झालं आणि काय वाढलं एवढंच बघते. तीच गाणी उलट्या क्रमाने दिलीत तर ती काहीच करत नाही, आणि चूकही दाखवत नाही.

१. जोडणीसाठी स्वतःचं मॉडेल लिहा

‘मैफलगाणे’ नावाचं मॉडेल बनवा. त्यात मैफलीची फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारा रकाना), गाण्याची फॉरेन की आणि ‘क्रम’ नावाचं पॉझिटिव्ह इंटिजर फील्ड ठेवा. मूळ मेनी-टू-मेनी फील्डला ‘थ्रू’मधून हे मॉडेल द्या. क्रम गाण्याच्या टेबलात ठेवून भागत नाही, कारण एका मैफलीत दुसरं असलेलं गाणं दुसऱ्या मैफलीत सातवं असू शकतं.

क्रमाच्या रकान्यात नल, म्हणजे रिकामी किंमत, चालू देऊ नका. चढत्या क्रमात पोस्टग्रेस नल शेवटी ठेवतो, तर मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट सुरुवातीला. एकच गाणं त्याच मैफलीत दोनदा येऊ शकतं का, हेही आत्ताच ठरवा. येणार नसेल तर मैफल आणि गाणं या जोडीवर युनिक अट घाला. प्लेलिस्टसारख्या ठिकाणी ते येऊ शकतं, तेव्हा ही अट घालू नका आणि पुढची सगळी कामं गाण्याच्या आयडीऐवजी जोडओळीच्या आयडीने करा.

२. जुना डेटा असेल तर

चालू फील्डला नुसतं ‘थ्रू’ जोडून मायग्रेशन (मॉडेलमधला बदल डेटाबेसात नेणारी फाइल) चालवलं, तर जँगो ते नाकारतो. ‘सेपरेट डेटाबेस अँड स्टेट’ वापरा; त्यात प्रत्यक्ष डेटाबेसातले बदल आणि जँगोच्या नोंदीतले (स्टेट) बदल वेगळे लिहिता येतात. स्टेटच्या बाजूला नवं मॉडेल तयार करा आणि फील्ड बदला. मॉडेलच्या मेटामध्ये ‘डीबी टेबल’ म्हणून जुन्या जोडटेबलाचंच नाव दिलंत, तर डेटाबेसच्या बाजूला काहीच करावं लागत नाही. त्यानंतर क्रमाचा रकाना आधी नल चालेल असा जोडा, एसक्यूएलच्या ‘रो नंबर’ फंक्शनने प्रत्येक मैफलीपुरते १, २, ३ असे आकडे भरा, आणि मगच नल बंद करा. हे आकडे जोडओळीच्या आयडीवरून पडतील, म्हणजे तो फक्त एक अंदाज असेल. खरा क्रम माणसालाच लावावा लागतो.

३. वाचताना जोडटेबलाकडूनच वाचा

इथे बहुतेक जण अडकतात. नव्या मॉडेलच्या मेटामध्ये ‘ऑर्डरिंग’ म्हणून क्रम लिहिला, तरी मैफलीवरून थेट गाणी मागितली की तो लागू होत नाही. तिथे गाण्याच्या मॉडेलचं स्वतःचं ऑर्डरिंग लागतं. डबल अंडरस्कोर वापरून जोडटेबलातल्या क्रमाने लावता येतं. पण तीच युक्ती मैफल न ठरवता सगळ्या गाण्यांवर लावली, तर जितक्या मैफलींत गाणं आहे तितक्या वेळा ते यादीत येतं.

त्यापेक्षा क्वेरी ‘मैफलगाणे’वरच लिहा : हव्या त्या मैफलीचा फिल्टर लावा, ‘सिलेक्ट रिलेटेड’ने गाणं सोबत आणा आणि क्रमाने लावा. क्वेरी एकच लागते आणि क्रमाचा आकडाही हाताशी राहतो. अनेक मैफली एकत्र दाखवायच्या असतील तर ‘प्रीफेच’ ऑब्जेक्टमध्ये हीच क्रम लावलेली क्वेरी द्या. नंतर टेम्प्लेटमध्ये मात्र फक्त ‘ऑल’ म्हणा. तिथे पुन्हा फिल्टर किंवा ‘ऑर्डर बाय’ लावलं, की आणलेला साठा वाया जातो आणि दर मैफलीला एक नवी क्वेरी सुटते.

४. युनिक अट घाला, पण पुढे ढकलता येणारी

एका मैफलीत दोन गाण्यांचा क्रम ५ असता कामा नये, म्हणून मैफल आणि क्रम या जोडीवर युनिक अट हवी. पण साधी अट लावलीत, की दोन गाण्यांची अदलाबदल अडते. पोस्टग्रेस साधी अट ओळीगणिक तपासतो. पहिल्या ओळीचा क्रम २ करताना दुसरी ओळ अजून २ वरच असते, आणि तिथेच काम थांबतं. जँगो ३.१ पासून ‘युनिक कन्स्ट्रेंट’ला ‘डिफरेबल’ हा पर्याय मिळाला आहे. तो ‘डिफर्ड’ ठेवा, म्हणजे तपासणी थेट कमिटच्या वेळी, ट्रान्झॅक्शनमधले बदल कायम होताना, होते.

मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटमध्ये ही सोय नाही. तिथे आधी सगळ्या ओळी कुठल्यातरी मोठ्या आकड्यांवर हलवून मग खऱ्या क्रमावर आणाव्या लागतात. पोस्टग्रेसमध्येही एक गोष्ट सोडावी लागते : ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ वापरणारे अपसर्ट (ओळ असेल तर बदला, नसेल तर घाला) अशा अटीवर चालत नाहीत.

५. नवं गाणं शेवटी जोडणं

सर्वांत मोठा क्रम काढा आणि त्यात १ मिळवा. मैफल रिकामी असेल तर ‘मॅक्स’ पायथनचा ‘नन’ (काहीच नाही) देतो, तेवढं सांभाळा. दोन आयोजकांनी एकाच वेळी गाणं घातलं तर दोघांनाही ७ दिसेल आणि दोघेही ८ लिहायला जातील. म्हणून ‘ॲटॉमिक’ ब्लॉकमध्ये आधी मैफलीची ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने कुलूपबंद करा आणि मग आकडा काढा. क्रमाला हात लावणाऱ्या प्रत्येक कोडने हेच कुलूप घ्यायला हवं, नाहीतर ते असून नसून सारखंच.

हा हिशेब मॉडेलच्या ‘सेव्ह’मध्ये लिहिण्याचा मोह होतो. पण ‘ॲड’ आतून ‘बल्क क्रिएट’ वापरते आणि ‘बल्क क्रिएट’ ‘सेव्ह’ला बोलावतच नाही. ‘थ्रू डिफॉल्ट्स’ दिलेत तरी सगळ्या गाण्यांना एकच क्रम मिळतो. हे काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा. गाणं काढल्यावर १, २, ४ असा खड्डा राहिला तरी चालतो. पडद्यावरचा आकडा टेम्प्लेटच्या ‘फॉरलूप काउंटर’ने दाखवा.

६. ओढून क्रम बदलणं

ब्राउझरमध्ये सॉर्टेबलजेएससारखी लायब्ररी पुरते. ‘अमुक गाणं तिसऱ्या जागी’ एवढाच निरोप पाठवू नका, जोडओळींच्या आयडींची पूर्ण यादी नव्या क्रमाने पाठवा. सर्व्हरवर कुलूप घेतल्यावर ती यादी डेटाबेसातल्या यादीशी ताडून पाहा. दरम्यान कुणी गाणं घातलं किंवा काढलं असेल तर विनंती नाकारा आणि पान ताजं करायला सांगा. जुळलं तर आकडे नव्याने देऊन ‘बल्क अपडेट’ करा.

काहीशे ओळींपर्यंत एवढं बास आहे. याद्या फार मोठ्या असतील, तर आकड्यांमध्ये १०२४ चं अंतर ठेवून मधला आकडा देत जाता येतं. मात्र त्याच फटीत नेहमी एकाच टोकाला घालत राहिलात, तर ती १० वेळांत संपते. दशांश आकडेही अपुरेच पडतात : १ आणि २ च्या मध्ये, दरवेळी १ ला लागूनच घालत गेलात, तर डबल प्रकारचा आकडा ५२ वेळांत संपतो. त्यानंतर सगळे आकडे पुन्हा पाडावे लागतात.

ॲडमिनमध्ये ‘थ्रू’ असलेलं फील्ड थेट फॉर्मच्या यादीत लिहिलं तर तपासणीत चूक येते. तिथे ‘मैफलगाणे’चा टॅब्युलर इनलाइन (मैफलीच्या फॉर्ममध्येच जोडओळींचा तक्ता) वापरा.

७. चूक कुठे पकडायची

ढकललेली अट कमिटला तपासली जाते. म्हणून ‘इंटेग्रिटी एरर’ पकडणारा ‘ट्राय’ हा ‘ॲटॉमिक’ ब्लॉकच्या बाहेर हवा. आत ठेवलात तर तो रिकामाच फिरतो. ‘ॲटॉमिक रिक्वेस्ट्स’ (प्रत्येक विनंती एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळणारं सेटिंग) चालू असेल तर कमिट व्ह्यू संपल्यावर होतो, म्हणजे व्ह्यूमधल्या ‘ट्राय’पर्यंत ही चूक पोहोचतच नाही. असा व्ह्यू ‘नॉन ॲटॉमिक रिक्वेस्ट्स’ने वगळून त्यात स्वतःचा ब्लॉक उघडा. चाचण्यांतही तेच : साधी ‘टेस्टकेस’ प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळते आणि ही चूक चाचणी संपताना, तुमच्या तपासणीच्या ओळीबाहेर फुटते. या अटीपुरती ‘ट्रान्झॅक्शन टेस्टकेस’ वापरा.