युरोपला बोल्ट पाठवताय? सीबॅमच्या या चुका टाळा

“कर तिकडचा गिऱ्हाईक भरणार, आपल्याला काय?” वसई-भिवंडीकडच्या वर्कशॉपमध्ये हे अजूनही ऐकू येतं, आणि मला काळजी वाटते ती याचीच. युरोपीय संघाचा कार्बन सीमा आकार, म्हणजे सीबॅम, हा बाहेरून येणारा माल बनवताना निघालेल्या कार्बनवर लागतो. तो १ जानेवारी २०२६पासून पैशांत मोजायला लागला. भरतो आयातदारच, हे खरं. पण तो ती रक्कम तुमच्या भावातून मागतो, नाहीतर कागद तयार असलेला दुसरा पुरवठादार शोधतो.

सगळ्यात महाग चूक खरेदीच्या दिवशी होते. बोल्टच्या नावावर मोजलं जाणारं बहुतेक कार्बन उत्सर्जन तुमच्या शेडमध्ये होतच नाही, ते वायर रॉडबरोबर, म्हणजे बोल्टसाठी घेतलेल्या पोलादी तारेबरोबर, येतं. झोतभट्टीत खनिजापासून एक टन पोलाद करताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीतून थेट निघणारा त्याच्या कितीतरी कमी. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून नुसता भाव बघून माल उचलला, दोन मिलचे रॉड एकाच रॅकवर चढवले, की कुठल्या बोल्टात कुठलं पोलाद गेलं हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. मग युरोपीय संघाने ठरवलेला डिफॉल्ट आकडा लागतो, आणि तो मुद्दामच चढा ठेवलेला असतो. म्हणून हीट नंबरप्रमाणे, म्हणजे मिलने पोलादाच्या प्रत्येक घाण्याला दिलेल्या क्रमांकाप्रमाणे, माल वेगळा ठेवा. मिल टेस्ट सर्टिफिकेटवर पोलादाचं रसायन आणि ताकद असते, कार्बन उत्सर्जन नसतं. तो आकडा ऑर्डर देतानाच मिलकडून लेखी मागा. माल खपल्यावर कुणी देत नाही.

छतावर सौर पॅनेल बसवून सीबॅम कमी होईल, हाही गैरसमज. पोलादासाठी फक्त थेट, म्हणजे भट्टीतूनच निघणारं, उत्सर्जन धरतात. वापरलेल्या विजेचं उत्सर्जन सिमेंट आणि खतांसाठी मोजतात. पॅनेल वीजबिलासाठी जरूर बसवा.

वर्षाला ५० टनांपर्यंत सीबॅममधून सूट आहे, पण ती तुमच्या कंटेनरला नाही. आयातदाराने सगळ्या पुरवठादारांकडून घेतलेला सीबॅमखालचा माल मिळून ती मोजतात. तेव्हा त्यालाच विचारा.

आणि बोल्ट कडक करायच्या, म्हणजे हीट ट्रीटमेंटच्या, भट्टीचा गॅस किंवा फर्नेस ऑइल मोजलं जातं का, हेही आयातदाराला विचारून घ्या. प्रत्यक्ष आकडे दाखवायचे तर ते मान्यताप्राप्त पडताळणीकार तपासतो. त्याला अंदाज चालत नाही, महिन्यावार बिलं आणि उत्पादनाची टनांतली नोंद लागते. २०२६च्या मालाची नोंद वर्ष संपल्यावर मागे जाऊन बनवता येणार नाही.