शॉवरच्या काचेच्या दारासाठी खालचे टिकाऊ सील कसे निवडावे

सांगली-मिरजेच्या नव्या सदनिकांमध्ये न्हाणीघराचा ओला आणि कोरडा भाग काचेच्या दाराने वेगळा करण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. काच वर्षानुवर्षे टिकते; तिच्या खालच्या कडेला बसवलेली पारदर्शक पट्टी, म्हणजे सील, मात्र आधी पिवळी पडते, मग कडक होते आणि शेवटी तिचा खालचा पापुद्रा तुटून जाळीत अडकतो. ती बदलायची वेळ आली की ‘जाडजूड असेल ती द्या’ असे सांगून बहुतेक जण मोकळे होतात. सीलचे आयुष्य मात्र त्याच्या जाडीवर फारसे अवलंबून नसते. काचेच्या जाडीशी ते नेमके जुळते का आणि फरशीवर ते किती दाबले जाते, या दोन गोष्टींवर ते ठरते.

सीलची रचना आधी समजून घ्यावी. वरची खाच काचेची कड पकडते. खालची लवचिक जीभ फरशीला किंवा उंबऱ्याला टेकते. चांगल्या सीलला याशिवाय आतल्या बाजूला झुकलेली एक तिरकी पट्टी असते. छपराची पागोळी जसे पाणी भिंतीपासून दूर टाकते, तशी ती काचेवरून ओघळणारे पाणी आत वळवते. म्हणजे सीलचे काम पाणी वळवण्याचे आहे, तुंबलेले पाणी अडवण्याचे नाही. आपल्याकडे शॉवर बसवलेला असला तरी अनेक घरांत अंघोळ बादली-तांब्यानेच होते आणि शेवटी उरलेली अर्धी बादली एकदम अंगावर ओतली जाते. तेवढा लोंढा कोणतेही सील थोपवू शकत नाही.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी फरशीचा उतार तपासावा. दाराच्या रेषेवर तांब्याभर पाणी हळूच ओतावे आणि ते कोणीकडे धावते ते पाहावे. मीटरला साधारण 1 ते 2 सेंटिमीटर उतार जाळीच्या दिशेने असला, तर पुढचे काम सोपे आहे. पाणी बाहेरच्या खोलीकडे वळत असेल, तर सील कितीही महागाचे आणले तरी पायपुसणे भिजतच राहील. अशा ठिकाणी ग्रॅनाइटची किंवा ॲल्युमिनियमची बुटकी पट्टी फरशीवर बसवून घ्यावी. दार ज्या बाजूला उघडते, तिच्या विरुद्ध बाजूला ती बसवली म्हणजे दार तिच्यावर अडकत नाही. अशा दारांची टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली, काच एकदा भट्टीतून निघाल्यावर कापता किंवा घासून कमी करता येत नाही. कापायला गेल्यास ती पूर्ण फुटून तिचे बारीक तुकडे होतात. त्यामुळे दाराखाली जी फट आहे तिच्यातच सगळे बसवावे लागते.

आता मापे. अशा दारांची काच बहुधा 8 किंवा 10 मिलिमीटर असते. 6 आणि 12 मिलिमीटरचीही आढळते. काचेच्या कोपऱ्यावरील शिक्क्यात कधीकधी जाडी लिहिलेली असते, नाहीतर व्हर्निअरने (जाडी अचूक मोजण्याच्या चिमट्यासारख्या साधनाने) मोजावी. शिवणकामाच्या टेपवर विसंबू नये, कारण येथे दोन मिलिमीटरचा फरकही महागात पडतो: दहाच्या काचेसाठी केलेली खाच आठच्या काचेवरून घसरते, तर आठची खाच दहाच्या काचेवर ओढूनताणून बसवली की ती फाकते आणि काही महिन्यांत कोपऱ्यातून तडकते.

काचेखालची फट बिजागरीजवळ, मध्यभागी आणि मुठीजवळ, अशी तीन ठिकाणी मोजावी. मोजपट्टी आत शिरत नसेल तर जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक रचून ते फटीत सारावेत; घट्ट बसले की बाहेर काढून त्या गठ्ठ्याची जाडी मोजावी. मुठीकडची फट बिजागरीकडच्या फटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटरने कमी भरली, तर दार खाली उतरले आहे असे समजावे आणि आधी बिजागऱ्या कसून घ्याव्यात. त्यानंतर दार पूर्ण उघडून पुन्हा मोजावे. बाहेर उघडणाऱ्या दाराखाली फरशी चढत जाते, त्यामुळे बंद असताना नीट वाटणारी जीभ उघडताना फरफटत जाते.

जिभेची लांबी निवडताना बहुतेक ठिकाणी घोळ होतो. काचेच्या कडेपासून खाली सील जेवढे उतरते, ते माप फटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटरने जास्त असावे. 10 मिलिमीटरच्या फटीला 12 ते 13 पुरेसे होते. जीभ हलकेच वाकून टेकली पाहिजे. ती फरशीवर दुमडून बसत असेल, तर प्रत्येक उघडझापीचा ताण तिच्या मुळाशी येतो आणि ती तिथेच फाटते. काउंटरवर ‘साहेब, हेच न्या की, सगळ्याला बसतंय’ असे ऐकायला मिळाले, तर आपली मापे लिहिलेला कागद पुढे करावा.

साहित्याचा विचार थोडा सविस्तर करायला हवा. सर्वांत स्वस्त आणि सगळीकडे मिळणारे सील मऊ पीव्हीसीचे असते. पीव्हीसी मुळात कडक असते. त्यात प्लॅस्टिसायझर मिसळून ते मऊ केले जाते, आणि हा पदार्थ हळूहळू बाहेर पडत गेला की पट्टी पुन्हा कडक होते. कढत पाण्याने हे लवकर घडते आणि तेलानेही. खोबरेल लावून न्हाणाऱ्यांच्या घरात, दिवाळीच्या अभ्यंगस्नानात, तेलाचा थर त्या जिभेवरच साचतो. हळदीच्या बाजारपेठेत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: लग्नाची हळद किंवा उटणे धुतलेले पाणी मऊ पारदर्शक पट्टीत मुरते आणि तो डाग साबणाने निघत नाही. उन्हाचा कवडसा पडत असेल तर डाग काही दिवसांत फिका होतो, पण त्याच उन्हाने पीव्हीसी पिवळे पडते.

माझ्या मते बहुतेक घरांसाठी पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकची खाच आणि तिला एकजीव केलेली मऊ जीभ असे सील योग्य ठरते. कडक खाच काच घट्ट धरते, कालांतराने फाकत नाही, आणि झिजण्याचे काम एकट्या जिभेवर राहते. थिनर किंवा अमोनियायुक्त काच-क्लीनर यापासून मात्र ते जपावे, कारण त्यांनी पॉलिकार्बोनेटवर बारीक तडे जातात. सिलिकॉनचे सील प्लॅस्टिसायझरवर अवलंबून नसल्याने ते वर्षानुवर्षे मऊ राहते आणि सोलरच्या कढत पाण्यालाही दाद देत नाही. परंतु एकदा कापले गेले की ती चीर झपाट्याने वाढते, म्हणून खडबडीत फरशीवर किंवा टाइल्सच्या उंचसखल सांध्यांवर ते घेऊ नये. खिडक्यांसाठी मिळणारे काळे ईपीडीएम रबर ऊनपावसाला उत्तम असले तरी तेलाने फुगते, त्यामुळे न्हाणीघरात त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुकानात पट्टी हातात घेऊन पाहावी. जीभ बोटाने पूर्ण दुमडून सोडावी: ती लगेच सरळ झाली पाहिजे आणि घडीवर पांढरी रेघ उरता कामा नये. हाताला तेलकट-चिकट लागणारी, उग्र वासाची पट्टी परत ठेवावी. कापलेल्या टोकाकडे पाहिले तर कडक आणि मऊ भाग कुठे जुळतात ते दिसते. तिथे नखाने ओढून पाहिल्यावर जीभ सुटू लागली, तर ती नुसती चिकटवलेली आहे. गुंडाळी करून ठेवलेल्या मालापेक्षा सरळ लांबीतला माल घ्यावा, कारण गुंडाळीचा बाक जिभेत राहून मध्येच फट पडते.

बसवणे अवघड नाही. काचेची कड साबणाने स्वच्छ करावी, बारीक दातांच्या हॅक्सॉने सील दाराच्या रुंदीपेक्षा दोन मिलिमीटर कमी कापावे आणि साबणाच्या पाण्याने ओले करून एका टोकापासून दाबत न्यावे. तिरकी पट्टी आतल्या बाजूला आली आहे ना, हे पाहावे. सिलिकॉन सीलंटने ते चिकटवू नये. पुढच्या वेळी काढताना ब्लेडने काच खरवडत बसावे लागते.

जत, आटपाडी किंवा साताऱ्यातील माण-खटावकडे बोअरचे क्षारयुक्त पाणी वापरणाऱ्यांच्या सीलवर पांढरा थर लवकर चढतो, आणि तो थरच कानशीसारखा जिभेला घासत राहतो. अंघोळीनंतर जीभ फडक्याने पुसणे एवढ्याने बराच फरक पडतो. थर बसलाच तर सील काढून पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात पंधरा मिनिटे ठेवावे व धुऊन परत लावावे. ते दाराला असतानाच व्हिनेगर लावू नये, कारण कडप्पा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड आम्लाने झिजतात. बाथरूम ॲसिड तर नकोच. ते स्टीलच्या बिजागऱ्यांवर खड्डे पाडते.

कापून उरलेला सीलचा तुकडा टाकून न देता त्यावर काचेची जाडी आणि फटीचे माप मार्करने लिहून बिलाबरोबर ठेवावा. या मालावर बहुधा कंपनीचे नाव किंवा क्रमांक नसतो, त्यामुळे पुढच्या वेळी दुकानदाराला तो तुकडा दाखवणेच सर्वांत सोपे पडते.