कामाच्या ठिकाणचे संबंध अभ्यासताय? या चुका टाळा

'कर्मचाऱ्यांमधील परस्परसंबंध' या विषयावरचे एमबीए, एमएसडब्ल्यूचे प्रोजेक्ट दरवर्षी माझ्याकडे येतात आणि दरवर्षी त्याच चुका असतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे फॉर्मवर 'माहिती गुप्त राहील' छापायचं आणि खाली विचारायचं की अडचण आली तर कोणाकडे जाता, कोणाशी पटत नाही. अरे, कोण कोणाकडे जातो याचा नकाशा काढायचा असतो, माणूस म्हणजे गोल आणि तो ज्याचं नाव घेतो त्याच्याकडे बाण. नावं घेतल्याशिवाय हा नकाशा बनतच नाही, मग ती जपायची कशी याचा विचार आधी नको? चाकणच्या एका कारखान्यात एका मुलीने नावं काढून नुसते गोल आणि बाण दाखवले, पण गोलाखाली डिपार्टमेंट आणि नोकरीची वर्षं ठेवली. मेंटेनन्समध्ये वीस वर्षांच्या वर झालेला माणूस एकच. त्याच्याकडे एकही बाण येत नव्हता, मॅनेजरने तिथेच ओळखलं आणि पुढे त्याची लाईन बदलली. त्या बिचाऱ्याने विश्वासाने फॉर्म भरला होता हो! म्हणून माझ्याकडे नियम असा की कोड नंबर वापरायचे, नाव-कोडची वही घरी, कंपनीला फक्त गटागटांचं चित्र, आणि हे सगळं आधी लेखी ठरवायचं, कारण मॅनेजर नंतर नावं मागतोच.

फॉर्मची लिंक एचआरकडून पाठवू नका. सगळे 'उत्तम'वर टिक करतात.

'तुमचे मित्र कोण' असलं मोघम नको, 'मागच्या वेळी मशीन अडलं तेव्हा कोणाला विचारलंत' असं विचारा.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांना वगळू नका, अर्धं काम तेच करतात.

आणि निम्म्यांनी फॉर्म भरले की झालं, हे इथे चालत नाही. जो सुटला तोच दोन गटांना जोडणारा असेल तर अख्खं चित्र चुकतं.

दुसरा माझा राग घाईवर. चार दिवसांत गुगल फॉर्म भरून घ्यायचे आणि निष्कर्ष लिहायचा, हा अभ्यास नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ कामगारांच्या एका खोलीत निरीक्षक महिनोनमहिने बसला, तेव्हा कुठे दिसलं की तिथे दोन टोळकी आहेत, जास्त काम करणाऱ्याला बाकीचे दंडावर गुद्दा मारून आवरतात, आणि एकमेकांना मदत करायला बंदी असूनही सर्रास करतात. फॉर्मवर यातलं कोण लिहून देणार होतं? तेवढा वेळ तुमच्याकडे नसतो हे मान्य, मग एकच लाईन आणि एकच शिफ्ट घ्या, पण फॉर्म वाटायच्या आधी त्यांच्याबरोबर डबा खायला बसा.