लॅपटॉप दुरुस्त करायचा की अटाल्यात (भंगारात) द्यायचा?

लॅपटॉप बंद पडला की घरात दोन पार्ट्या होतात, बाबा म्हणतात रिपेअर कर, पोरं म्हणतात नवीनच घ्या. इंदूरच्या सिल्वर मॉलला, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजारात, पळायच्या आधी घरीच बघा नेमकं काय गेलंय.

टचपॅड वर आलंय, खालचं झाकण फुगलंय? मग बॅटरी फुगलीये, चार्जिंगला लावूच नका. तसं नसेल तर चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही, पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून ठेवा, मग नुसता चार्जर लावून चालू करा, कधीकधी एवढ्यावरच उठतो. फॅन फिरतोय पण स्क्रीन काळी असेल तर एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं म्हणजे मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) बहुतेक शाबूत आहे, लोचा डिस्प्लेत नाहीतर त्याच्या केबलमध्ये.

बॅटरी, कीबोर्ड, रॅम, चार्जिंगचा जॅक, एवढ्यासाठी लॅपटॉप फेकायचा नसतो. आणि तो नुसता स्लो असेल, आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर तिच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) टाकून बघा, ओळखू येणार नाही. मदरबोर्ड गेला की मात्र जपून. मी चहा सांडलेल्या लॅपटॉपचा बोर्ड हौसेनं करून घेतला, तीन महिन्यांत परत तेच, कारण गंज आत पसरतच राहतो, वरचा चिप बदलून काय होणार!

मग दोन-तीन दुकानांत खर्च विचारा, आणि तिथंच विचारा की भिया, हेच मॉडेल सेकंडहँड केवढ्याला? रिपेअर त्याच्या निम्म्याच्या वर गेलं तर मी तरी सोडून देतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या आधीच्या बहुतेक मशीनवर ११ अधिकृतपणे चालत नाही, तेही हिशोबात धरा. आईला यूट्यूबवर कीर्तनच ऐकायचं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स टाकून द्या.

अटाल्यात द्यायचं ठरलं तरी डिस्क आधी काढून घ्या, यूएसबीच्या केसिंगमध्ये घातली की पेन ड्राइव्हसारखी चालते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर त्याची रिकव्हरी की लागेल, ती बहुतेक मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. काही लॅपटॉपात डिस्क बोर्डालाच सोल्डर असते, तिथं हा मार्ग बंद. रॅम, चार्जर, चांगली स्क्रीन सुटी विकली जाते, अटालेवाल्याला किलोच्या भावात कशाला द्यायची. उरलेलं निगमच्या (महापालिकेच्या) कचरागाडीत ई-कचऱ्याच्या डब्यात, आणि बॅटरी फुगलेली असेल तर गाडीवाल्याला तसं सांगून वेगळी द्या.